सातव्या इनिंगचं दही

बेसबॉलमधल्या बहुतेक गोष्टी मी वाद न घालता शिकून घेतल्या. धावायचं ते चौकोनात का, तो उशीएवढा हातमोजा एकाच हातात का, पंच खेळाडूंच्या मागे उकिडवा का बसतो, हे त्यांचं त्यांना माहीत. पण ‘सेव्ह’ नावाचा प्रकार माझ्या गळी कधी उतरला नाही. आणि आमच्या घरात ज्या एका आकड्याचं कौतुक व्हायचं, तो नेमका हाच.

हा खेळ घरात मुलीने आणला. युनिव्हर्सिटीत असताना ती हौस म्हणून शिकली, मग लंडनजवळच्या रीडिंगला आमच्या घरी परत आली, नोकरीला लागली, तरी बॉल काही सुटेना. एम-फोर हायवेच्या पलीकडे कौन्सिलचं एक मैदान आहे. हिवाळ्यात तिथे फुटबॉल चालतो. उन्हाळ्यात एका कोपऱ्यात क्रिकेट आणि दुसऱ्या कोपऱ्यात आमचा बेसबॉल क्लब. मुलींना मज्जाव नाही, पण येतात त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तिथे बस जात नाही आणि मुलीने लायसन्स काढायचं अजून मनावर घेतलेलं नाही, म्हणून दर रविवारी सोडायला मी. नवऱ्याने पहिल्याच दिवशी पाठदुखीचं कारण सांगून अंग काढून घेतलं होतं. सुरुवातीला मी गाडीत बसून पुस्तक वाचायचे. एके दिवशी कोचने काचेवर टकटक केली आणि विचारलं की स्कोअर लिहिणारी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली आहे, तुम्हाला रकाने भरता येतात का? अर्धी नोकरी रकाने भरण्यात गेलेल्या बाईला तो हे विचारत होता. मी पुस्तक मिटलं आणि त्याच्या हातातली पेन्सिल घेतली.

तर सेव्हची गोष्ट अशी. आमच्या लीगमध्ये सामना सात इनिंगचा. आपण पुढे आहोत, पण फार नाही, फार तर तीन रनांनी. शेवटच्या इनिंगला नवा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, येतो, समोरच्यांचे तीन आउट काढतो, सामना खिशात घालतो. त्याच्या नावावर एक सेव्ह लागतो. हे काम नेहमी करणाऱ्याला क्लोजर म्हणतात. आमची मुलगी क्लोजर होती आणि चांगली क्लोजर होती, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की आईलाच पोरीचं कौतुक नाही.

आता दुसरा पिचर घ्या. तो येतो पाचव्या इनिंगला. सुरुवातीच्या पिचरचा हात तोवर दमलेला असतो आणि त्याने तिन्ही बेसवर, म्हणजे चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवर, समोरच्यांची माणसं उभी करून ठेवलेली असतात. आउट एकही नाही. एक बरा फटका बसला की तिघंही धावत घरी, म्हणजे चौथ्या कोपऱ्यावर, आणि तीन रन. हा माणूस त्या आगीत उतरतो, एकालाही घरी पोचू देत नाही, पुढची इनिंगही सांभाळतो आणि खाली येऊन पाणी पितो. त्याच्या नावावर सेव्ह लागत नाही, कारण सामना त्याने संपवलेला नसतो. मोठ्या लीगमध्ये याही कामाची नोंद ठेवतात असं मला नंतर कळलं, पण आमच्याकडे ते लिहायची पद्धत नव्हती. मी लिहीन म्हटलं, तर कोच म्हणाला, कोण वाचणार?

हा दुसरा पिचर आमच्याकडे एक डावखुरा होता. चाळिशीकडे झुकलेला, एका विमा कंपनीत नोकरी, जन्म आणि शाळा बर्मिंगहॅमची. आईवडील साताऱ्याकडचे. मी मराठी आहे म्हटल्यावर पहिल्याच दिवशी तो माझ्या घडीच्या खुर्चीशेजारी गवतावर येऊन बसला आणि मला काकू म्हणाला. माझ्याहून जेमतेम दहा-बारा वर्षांनी लहान माणूस काकू म्हणतो याचा मला राग आला होता, आणि तो राग मी काही दिवस जपून ठेवला. पण त्याचं मराठी ऐकल्यावर बोलायची सोय उरली नाही.

‘‘काकू, आई गेला त्याच्यानंतर मी मराठी कोणाशी बोललोच नाही,’’ तो म्हणाला. ‘‘बाबा फक्त इंग्लिश बोलते. वाईफ वेल्श आहे. सो, तुम्ही करेक्ट करा मला.’’

मी करेक्ट केलं नाही. एकदा सुरुवात केली असती तर सामना संपला असता.

त्या उन्हाळ्यात सासरे, ज्यांना मी बाबा म्हणते, आमच्याकडे होते. सासूबाई गेल्यापासून नागपूरचं ऊन चुकवायला ते इथे येतात आणि थंडीची चाहूल लागली की परततात. तरुणपणी ते ऑफिसांच्या क्रिकेट सामन्यांना अंपायर म्हणून उभे राहत. त्यामुळे कुठल्याही खेळाकडे ते पाहुणा म्हणून बघूच शकत नाहीत. दोन रविवारांत त्यांनी बेसबॉलचे नियम पाठ केले आणि तिसऱ्या रविवारी ते दही घेऊन आले.

दह्याचं सांगायला हवं. दुकानातलं ग्रीक योगर्ट ते दही मानत नाहीत. लंडनला वेम्बलीच्या भारतीय दुकानातून आणलेल्या विरजणाचं दही ते स्वतः लावतात आणि गरम पाण्याची टाकी असलेल्या कपाटात, माझ्या टॉवेलांच्या मधोमध, पातेलं ठेवतात. नातीच्या प्रत्येक परीक्षेला आणि मुलाखतीला ते इथे असले तर तिच्या हातावर दही-साखर पडली आहे. मग तिने शेवटच्या इनिंगला सामना वाचवायला जायचं आणि दह्याशिवाय जायचं, हे त्यांना कसं चालणार?

पहिल्या वेळी त्यांनी रीतसर तिच्या उजव्या तळहातावर दही घातलं. तिने चाटलं, पँटला हात पुसला आणि गेली. दुसऱ्या-तिसऱ्या बॉलनंतर समोरचा कॅप्टन ओरडला. पंच चालत आला, तिचा हात उलटा करून बघितला, बॉलला नाक लावलं. पिचरच्या हाताला कुठलाही चिकट पदार्थ चालत नाही. तो लावून लोक बॉल हवा तसा वळवतात म्हणे. एवढ्या वर्षांत त्या पंचाने हाताला काय काय लावलेलं बघितलं असेल, पण साखर घातलेलं दही बघितलं नसावं. त्याने बाटलीभर पाणी तिच्या हातावर ओतायला लावलं आणि नवा बॉल दिला. मी स्कोअरच्या वहीत तोंड खुपसून बसले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा मात्र पंचावर खूश झाले. ‘‘बरोबर आहे त्याचं. नियम म्हणजे नियम,’’ ते म्हणाले.

‘‘आजोबा, मग डाव्या हातावर द्या ना,’’ मुलगी म्हणाली. ‘‘लेफ्टने मी थ्रो नाही करत.’’

‘‘दही डाव्या हातावर? काहून? आपण काय रीतभात सोडून आलो इथे?’’

शेवटी तोड अशी निघाली की तिने तोंड उघडायचं आणि बाबांनी चमच्याने भरवायचं. चोविशीतली पोर, टोपी, हातमोजा, पायात खिळ्यांचे बूट, आणि मैदानाच्या कडेला आ करून उभी. पहिल्यांदा सगळे हसले. ती जिंकत गेली तसे हसायचे थांबले. सहावी इनिंग संपत आली आणि आपण थोडक्यात पुढे असलो की कोचच बाबांकडे बघून चमच्याची खूण करायचा. बाबा कूल बॉक्समधून वाटी काढायचे. वाटी निघाली म्हणजे आता शेवट गोड होणार असं समजायची सगळ्यांना सवय लागली.

डावखुरा एकदा माझ्याशेजारी बसून ते बघत होता. त्याची पाचवी आणि सहावी इनिंग नुकतीच झाली होती, खांद्यावर बर्फाची पिशवी होती. ‘‘माझा आई पण द्यायचा,’’ तो म्हणाला. ‘‘एक्झामला. ड्रायव्हिंग टेस्टला पण. मी दोनदा फेल झालो, तरी द्यायचा.’’ मग बर्फ सरकवून घेतला.

उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या विभागाचा एक संघ निवडतात आणि तो युरोपात एका स्पर्धेला जातो. मधल्या किंवा शेवटच्या इनिंगसाठी प्रत्येक क्लबने एकच पिचर सुचवायचा असतो. मुलीला जायचं होतं. ती तसं बोलून दाखवायची, अगदी टोस्टला बटर लावतानाही. डावखुऱ्यालाही जायचं होतं, पण ते त्याने एकदाच सांगितलं, मला, आणि तेही इकडे तिकडे बघून. शरद ऋतूत तो वडिलांजवळ राहायला कुटुंबासकट बर्मिंगहॅमला परत जाणार होता. खांदा कुरकुरत होता. त्याचा हा शेवटचा सीझन होता आणि विभागाकडून त्याला आजवर कधी बोलावणं आलं नव्हतं. ‘‘एकदा ती जर्सी घालायचा आहे, काकू. बस,’’ तो म्हणाला.

विभागाचे लोक सामने बघायला येत नाहीत. ते विचारतात, सेव्ह किती? त्याचे सेव्ह जवळपास नव्हतेच आणि मुलीचे आमच्या लीगमध्ये सगळ्यांत जास्त होते.

जेवताना मी एकदा हा विषय काढला. आमच्या ऑफिसातल्या सपोर्ट डेस्कचं उदाहरण दिलं. आमच्याकडे कोणी किती तिकिटं, म्हणजे आलेल्या तक्रारी, क्लोज केली हे मोजतात. एक मुलगा महिनोन् महिने पहिला यायचा, कारण पासवर्ड विसरलेल्यांची सगळी तिकिटं तो सकाळी लवकर येऊन उचलायचा. आणि ज्या बाईने अख्खा सर्व्हर कोसळताना वाचवला तिचं त्या आठवड्यात एकच तिकीट क्लोज झालं होतं.

‘‘म्हणजे मी पासवर्ड रीसेट करते?’’ मुलगी म्हणाली.

‘‘तसं नाही म्हणाले मी.’’

‘‘तसंच म्हणालीस. आई, तू माझ्या साईडला असायला पाहिजे ना.’’

बाबांनी ताटातली भाजी बाजूला सारली. वाद घालायचा असला की ते आधी जागा करून घेतात. ‘‘अगं, शेवटचे तीन आउट काढणं हे साधं काम नाही. मी पाहिलंय. शेवटच्या ओव्हरला कॅप्टनने बॉल पुढे केला की चांगले चांगले बोलर खाली वाकून बुटाची लेस बांधत बसायचे. ही पोरगी लेस बांधत नाही. हात पुढे करते. ते मोजायचं नाही तर काय मोजायचं?’’

‘‘मोजा की, बाबा. पण शेवटची इनिंग कोणाला द्यायची हे कोच ठरवतो. हिला दिली म्हणून हिचे सेव्ह झाले. त्याला दिली असती तर त्याचे झाले असते. मग हा आकडा पिचरचा की कोचच्या सवयीचा?’’

‘‘दिली नाही ना त्याला? काहीतरी बघूनच दिली नसेल.’’

याचा मला फार राग आला. मी उठून ताटं गोळा केली.

कोचशीही बोलले. तो मूळचा कॅनडाचा, लग्न करून इथे आलेला आणि इथल्या चहाला अजून नावं ठेवणारा. मी म्हटलं, माझी मुलगी आहे म्हणून हे मला बोलायला अवघड आहे, पण नाव पाठवताना फक्त सेव्ह बघू नका. त्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला की डावखुऱ्याचा हात तुमच्या मुलीपेक्षा चांगला आहे, हे मलाही दिसतं. पण तुमची मुलगी कालचा मार आज विसरते. तो विसरत नाही, आठवडाभर मनात घोळवतो. शेवटच्या इनिंगला विसरणारा माणूस लागतो. आणि विभागाने सेव्ह विचारले आहेत, तर मी त्यांना गोष्ट कशी सांगू?

त्यात खोटं काही नव्हतं. मुलगी खरंच विसरते. माझा वाढदिवसही विसरते.

त्यानंतरच्या रविवारी गाड्या बंद होत्या. म्हणजे बर्मिंगहॅमच्या लाईनवर दुरुस्ती चालू होती आणि ट्रेनच्या जागी बस धावत होत्या. डावखुरा आदल्या दिवशी घर बघायला तिकडे गेला होता आणि सकाळी निघूनही वाटेत अडकला होता. सामना सुरू झाला. आम्ही पाच रनांनी पुढे होतो. पाचव्या इनिंगला आमचा सुरुवातीचा पिचर नेहमीप्रमाणे दमला आणि नेहमीप्रमाणे तिन्ही बेस भरले. आउट एकही नव्हता. कोचने सवयीने डावखुरा बसतो त्या जागेकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. मग त्याने मुलीला हाक मारली.

बाबा गडबडले. वाटी अजून गाडीत कूल बॉक्समध्ये होती, कारण ती सातव्या इनिंगची वाटी. ते किल्ली शोधेपर्यंत मुलगी पोचलीसुद्धा. तिने पहिला बॉल टाकला. दुसरा टाकला. तिसरा समोरच्याने असा हाणला की तो कुंपणाला लागून परत आला आणि तोवर तिघंही घरी पोचले होते. मी तिचा चेहरा बघत होते. तो मी तिच्या लहानपणी बघितला होता, पोहायला शिकताना पाय टेकेनासा झाला तेव्हाचा. तिथे कितीतरी वेळा उभी राहिलेली मुलगी, पण बेस रिकामे असताना. बेस भरलेले असताना ती आयुष्यात पहिल्यांदा उभी होती.

तिने नंतर सावरून घेतलं. कसेबसे तीन आउट काढले. सहावी इनिंगही रडतखडत काढली. आता आम्ही दोनच रनांनी पुढे होतो. तेवढ्यात डावखुरा पाठीवर बॅग घेऊन पार्किंगमधून पळत आला. कोचने त्याला सातवी दिली.

बाबांनी तोवर वाटी आणली होती. ती मांडीवर, वर झाकण, झाकणावर चमचा. डावखुरा बूट बदलून मैदानात निघाला तो त्यांच्या खुर्चीवरूनच. क्षणभर त्याचा वेग कमी झाला. वाटीकडे बघितलं, बाबांकडे बघून मान लववली आणि पुढे गेला. बाबांनीही मान लववली. झाकण उघडलं नाही. नात जाणार नव्हती, मग दही कशाला, इतका साधा हिशोब असावा. तिकडे डावखुऱ्याने रिकाम्या बेसवर तीन आउट काढले, इतके पटापट की मला पेन्सिलीला टोक करायलाही वेळ मिळाला नाही. त्याच्या नावावर एक सेव्ह लागला. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली, ज्या कामासाठी आजवर कधी थोपटली नव्हती त्याहून कितीतरी सोप्या कामासाठी.

आम्ही घरी निघालो. एम-फोरवर गाड्या मुंगीच्या पावलाने चालल्या होत्या आणि वर लाल घारी घिरट्या घालत होत्या. मुलीने मागच्या सीटवरून विचारलं, ‘‘माझे स्टॅट्स किती खराब झाले?’’

‘‘झालेच नाहीत,’’ मी म्हटलं. ‘‘ती तीन माणसं तू बेसवर आणली नव्हतीस. ते रन पहिल्या पिचरच्या नावावर जातात.’’

‘‘पण फटका तर मला बसला.’’

‘‘नियम तसा आहे.’’

तिने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे मी तिघांना स्कोअर करू दिलं तरी मला काही नाही. आणि तो कोणालाच करू देत नाही, तरी त्याला काही नाही.’’

‘‘हो.’’

‘‘आजोबा, तो हे दर संडेला करतो,’’ ती म्हणाली. ‘‘दर संडेला. आय वॉज सो स्केअर्ड.’’

बाबा पुढे माझ्या शेजारी बसले होते. वाटी अजून मांडीवरच होती. मला वाटलं ते म्हणतील, दही राहिलं म्हणून असं झालं. ते म्हणाले नाहीत. घरात शिरल्यावर ते दही त्यांनी स्वतः ताक करून संपवलं.

नाव मुलीचंच गेलं. एक वाईट दिवस, कोच म्हणाला, कोणाचाही असतो. आणि तसा तो वहीत कुठे दिसतही नव्हता. मला आनंद झाला, तो मी लपवणार नाही. पोटची पोर आहे. त्याच वेळी मला वाईट वाटलं आणि तेही लपवणार नाही. मुलीने नाव परत घेतलं नाही. घ्यावं असं मला वाटलंही नाही. तिने ते कमावलं होतं, फक्त ज्या मापाने मोजलं ते माप आखूड होतं. पण डावखुऱ्याला ते कोचकडून कळू नये म्हणून तिने स्वतः फोन केला. काय बोलली ठाऊक नाही. खोलीतून बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. ‘‘त्याने मला काँग्रॅच्युलेशन्स केलं,’’ ती म्हणाली. ‘‘आणि म्हणाला, भरलेल्या बेसवर बॉल गुडघ्याच्या उंचीवर टाक. टिप्स देत होता, आई.’’

सीझनचा शेवटचा रविवार ढगाळ होता. आम्ही तीन रनांनी पुढे होतो. मधल्या वेळात डावखुरा माझ्याजवळ येऊन बसला नाही, कुंपणाशी एकटाच हात सैल करत उभा राहिला. पाचव्या इनिंगला पुन्हा तेच झालं. पहिला मनुष्य बेसवर, दुसरा, तिसरा. कोच मैदानात गेला आणि डाव्या हाताचा पिचर हवा आहे हे सांगायला त्याने आपल्याच डाव्या दंडावर दोनदा टिचक्या मारल्या.

शेजारची खुर्ची करकरली. बाबा उठले होते. कूल बॉक्स त्या दिवशी त्यांनी गाडीत ठेवलाच नव्हता, तो त्यांच्या पायाशी होता, हे मला तेव्हा दिसलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात वाटी, आणि ते चालत थेट मैदानाची पांढरी रेघ ओलांडून आत गेले. खेळ चालू असताना आत जाऊ नये हे अंपायर असलेल्या माणसाला कोणी सांगायचं? कोच ‘‘सर, सर’’ करत राहिला. पंचही निघाला. तोच पंच, ज्याने दह्याचा वास घेतला होता.

डावखुरा कुंपणाकडून पळत येत होता. बाबांना मध्ये उभे बघून थांबला.

‘‘हात पुढे कर,’’ बाबा म्हणाले.

पंचाने लांबूनच बोट उभारलं. नो, तो म्हणाला, नॉट ऑन हिज हँड. डावखुऱ्याने पंचाकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि उजव्या हातातला तो उशीएवढा हातमोजा काढून काखेत धरला. बॉल तो डाव्या हाताने टाकत असे. उजवा हात त्याला त्या खेळात नुसता मोज्यात घालायला लागायचा. तो त्याने ओंजळीसारखा खोलगट करून पुढे धरला. आमच्या मुलीला मैदानात रीतीप्रमाणे जे पुन्हा देता आलं नाही ते याला केव्हाही देता आलं असतं.

बाबांनी एक चमचा घातला. थांबले. मग काठी बगलेत धरून वाटी खरवडून उरलेलं सगळं घातलं. त्याने मान खाली करून तळहात चाटून पुसून साफ केला, अगदी शाळेत जाणाऱ्या मुलासारखा, आणि मोजा चढवला. पंच जवळ आला, डावा हात उलटासुलटा करून बघितला. कोरडा होता. पंचाने खांदे उडवले आणि आपल्या जागी जाऊन उकिडवा बसला.

त्याने एकालाही घरी जाऊ दिलं नाही. मी ते लिहिलं, म्हणजे समोरच्यांच्या रनांच्या चौकोनात शून्य काढलं. त्याच्या नावापुढे लिहिण्यासारखं वेगळं काही नव्हतं. सातव्या इनिंगला मुलगी नेहमीच्या जागी येऊन आ करून उभी राहिली.

‘‘संपलं,’’ बाबा म्हणाले आणि रिकामी वाटी दाखवली.

ती हसली, टोपी खाली ओढली आणि गेली. तीन आउट काढले. सेव्ह तिच्या नावावर लागला.

सगळे निघाले तेव्हा डावखुरा बॅग घेऊन आमच्या खुर्च्यांशी आला. बाबांना वाकून नमस्कार केला, थोडा चुकीच्या बाजूने, कारण खांदा दुखत होता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘काकू, दही एकदम घरच्यासारखा होता. फक्त माझा आई साखर थोडा कमी टाकायचा.’’

‘‘पुढच्या वेळी कमी टाकीन,’’ बाबा म्हणाले.

तो ‘‘हो, आजोबा,’’ म्हणाला आणि वाटी त्यांच्या हातातून घेऊन नळाखाली धुऊन आणली. तो महिनाअखेरीस बर्मिंगहॅमला जाणार होता. बाबांचं नागपूरचं तिकीट त्याच्या आधीचं होतं.